आधी जेवून घे

आमच्या बिल्डिंगमध्ये ‘जेवलात का?’ असं सहसा कोणी कोणाला विचारत नाही. विचारलंच तर समोरचा आधी कठडा धरतो. नवीन राहायला आलेल्यांना हे फार चमत्कारिक वाटतं. चांगली मराठी माणसं, दुपारी एक वाजता जिन्यात भेटतात, पाणी आलं का विचारतात, रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगला का नव्हता विचारतात, मुलीचं कुठे जमलं का हेसुद्धा विचारतात, आणि जेवणाचं नाव काढत नाहीत म्हणजे काय! ते समजावून सांगायचाही मला आता कंटाळा येतो. दुसऱ्या मजल्यावर दत्तूकाका राहायचे, त्यांच्यामुळे, एवढंच सांगते. दत्तूकाकांना जाऊन वर्ष होऊन गेलं, पण बिल्डिंगची सवय काही गेलेली नाही.

दत्तूकाका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात डिस्पॅचला होते. तिथे इलेक्ट्रिकचं सामान बनायचं. ते खोक्यांत भरून, पत्ते लिहून ट्रकमध्ये चढवायचं आणि ज्याचं त्याला धडपणे पोचतंय ना ते बघायचं, हे काकांचं काम. “बनवणारे ढीगभर असतात गं सुमे, पोचवणारा एकच असतो,” असं ते मला ऐकवायचे. पुढे कारखाना बंद पडला, शेड पाडली, तिथे काचेची बिल्डिंग उभी राहिली आणि काकांचा मंदार नेमका त्याच बिल्डिंगमध्ये कॉम्प्युटरवर बसायला लागला. काका रिटायर झाले, पण त्यांचं डिस्पॅच सुटलं नाही. मालाच्या जागी बातम्या आल्या, इतकंच.

सगळ्या गोतावळ्याच्या बातम्या आधी काकांकडे यायच्या आणि मग पुढे जायच्या. कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं, कोणी बदलापूरला फ्लॅट घेतला, कोणाचा मोतीबिंदू पिकला. फोन स्वतः केलेला असला तरी सुरुवात “हां, बोला, दत्तू बोलतोय” अशीच. समोरचा गोंधळायचा, काय बोलू म्हणून. चांगली बातमी असली की काकांना दम निघायचा नाही. जिन्यातूनच ओरडायचे, “अगं सुमे, शमीला मुलगा झाला!” कोण शमी, कुठली शमी, मला पत्ता नसायचा. पण मीही खालून “अरे वा!” म्हणायचे, कारण नाही म्हटलं तर शमीची आख्खी वंशावळ ऐकावी लागायची.

वाईट बातमीचं मात्र शास्त्र होतं. वाईट बातमी उभ्याने द्यायची नाही, उभ्या माणसाला द्यायची नाही आणि उपाशी पोटी तर मुळीच नाही. हे त्यांना शिकवलं त्यांच्या मोठ्या बहिणीने, माईने. काकांचे वडील गेले तेव्हा काका नुकतेच नोकरीला लागलेले. कारखान्याच्या गेटवर वॉचमनने हटकलं, “तुमचे फादर गेले, घरून निरोप आलाय,” आणि काका तिथेच कोसळले. घरी आले तेव्हा माई सासरहून पोचलेली. तिने भावाला आधी दहीभात कालवून दिला. “आधी जेवून घे,” म्हणाली, “मग रड. रडायला ताकद लागते.” काका ही गोष्ट सांगायचे तेव्हा दरवेळी दहीभातात आल्याचा तुकडा होता, हेही सांगायचे.

मला स्वतःला तो अनुभव आहे. मी डोंबिवलीच्या शाळेत ऑफिसात काम करते. एके दिवशी मधल्या सुट्टीत दत्तूकाका दारात उभे. म्हणाले, “डबा खाल्लास का गं?” मी म्हटलं, “खाईन हो, तुम्ही इकडे कसे?” ते समोरची खुर्ची ओढून बसले. “आधी खाऊन घे, मग सांगतो. कोपरला आलेलो, वाटेत थांबलो.” कोपरला जायला आमची शाळा वाटेत लागत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. पडवळाची भाजी आणि पोळी मी त्यांच्यासमोर पूर्ण खाल्ली, वर शाळेच्या शिपायाची टवाळी केली, हसले. काकांनी डब्याचं झाकण आपल्या हाताने लावलं, पाण्याची बाटली पुढे केली आणि मग सांगितलं की माझे बाबा सकाळी गेले. कितीतरी दिवस मी त्यांच्यावर चिडलेले होते. मला हसवत बसले म्हणून. पण त्यानंतर दिवसभर जी धावपळ झाली, आईला सांभाळायचं, लोकांना सांभाळायचं, ती मी त्या दोन पोळ्यांवर केली हेही खरंच आहे. पडवळ मात्र मी आजही आणत नाही.

तर अशी ही जेवणाची दहशत. एकदा तर गंमतच झाली. तिसऱ्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलेलं. काका त्यांना सत्यनारायणाचं बोलवायला गेले आणि दारात सहज म्हणाले, “जेवणं झाली का?” त्या बाईला शेजाऱ्यांनी आधीच सगळं सांगून ठेवलेलं. तिने अशी बोंब ठोकली, “अहो, ह्यांना काय झालं हो!” की चारही मजले गोळा झाले. ‘हे’ आत लुंगीवर टीव्ही बघत होते. काका घाम पुसत म्हणाले, “अहो वहिनी, प्रसादाला या म्हणायला आलो होतो.” त्या दिवसापासून आमच्याकडे जेवणाचं विचारणं बंद झालं ते झालंच.

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. तळमजल्यावरचे नाना गेले तेव्हा त्यांची मुलगी रेखा बाळंतपणाला कल्याणच्या हॉस्पिटलात होती. अडलेली केस. तिला सांगायचं नाही असं ठरलं आणि सूत्रं अर्थातच काकांकडे आली. त्यांनी आमची सगळ्यांची शाळाच घेतली. “रेखाने विचारलं तर नाना झोपलेत म्हणायचं. बाहेर गेलेत म्हणालात तर कधी येणार विचारेल. बरं नाही म्हणालात तर फोन द्या म्हणेल. झोपलेल्या म्हाताऱ्याला कोणी उठवा म्हणत नाही.” आणि दुसरं म्हणजे, गोड बोलायचं नाही. “रोज जसं खेकसता तसंच खेकसा. माणूस एकदम गोड बोलायला लागला की समजावं, काहीतरी लपवतोय.”

सगळं बिनबोभाट पार पडलं. रेखा बाळाला घेऊन घरी आली, काकांनी तिला जेवू घातलं आणि सांगितलं. ती ताट बाजूला सारून उठली. “मला काय कळलं नव्हतं काय? तिसऱ्या दिवशीच कळलं होतं! नाना दुपारी कधी झोपलेत? पण कोणी सांगेचना. तुम्ही कोणी सांगितल्याशिवाय मी रडू कशी? इथे सगळे मला डिंकाचे लाडू भरवतायत!” तोंडाला येईल ते बोलली ती काकांना. काका खाली मान घालून ऐकत राहिले. जिन्यात मी म्हटलं, “कशाला पडता हो तुम्ही या भानगडीत?” तर म्हणाले, “कोणावर तरी ओरडायला हवंच ना तिला.” मग एक पायरी चढून थांबले. “पण ती बोलली ते खरं आहे गं. कळलं तरी सांगावं लागतं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.”

आता वज्रेश्वरीचं.

काकू गेल्यापासून काकांचे गुडघे पार कामातून गेले होते. माई जबलपूरला, मुलाकडे, म्हणजे विजूकडे. जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, पायऱ्या उंच उंच. “ती उतरू शकत नाही, मी चढू शकत नाही, असं आमचं बहीण-भावाचं सुख,” काका म्हणायचे. कितीतरी वर्षं त्यांची भाऊबीज फोनवर व्हायची. इकडे काका टोपी घालून पाटावर, तिकडे माई फोनच्या पडद्याला ओवाळायच्या, पडद्यालाच कुंकू लावायच्या. मग विजू “आई, फोन गेला!” म्हणून ओरडायचा आणि चित्र बंद पडायचं. त्या वर्षी मात्र माईंनी सांगून टाकलं, “दत्तू, यंदा फोनला ओवाळणार नाही. येणार असलास तर ये, नाहीतर राहू दे.” झालं! काकांनी चंगच बांधला. कोजागिरी झाली की वज्रेश्वरीला जायचं, गरम पाण्याच्या कुंडात रोज गुडघे शेकायचे आणि भाऊबीजेला जबलपूरचे तीन मजले चढायचे.

एकट्याला कसं पाठवायचं, म्हणून मंदार माझ्याकडे आला. “सुमनताई, तुमचा खांदाही धरलाय ना? तुमच्या आईंनाही बरं वाटेल.” माझा खांदा धरलेला होता, आईचं सगळंच धरलेलं होतं आणि मला शाळेतून दिवाळीआधीची रजा मिळता मिळता नाकी नऊ आले होते. पण गेले. त्या दिवसांत मी इतकी थकलेली होते की कोणी कुठेही बस म्हटलं असतं तर बसले असते. भिवंडीच्या ट्रॅफिकमधून, अंबाडीच्या खड्ड्यांतून रिक्षा एकदाची वज्रेश्वरीला पोचली तेव्हा खांदा बरा व्हायच्या ऐवजी कंबरही धरली होती. लॉजवर शेजारशेजारच्या दोन खोल्या घेतल्या. आई पोचल्या पोचल्या झोपली.

तिथला दिनक्रम काकांनी पहिल्याच दिवशी आखून टाकला. सकाळी कुंड. पाणी असं कढत की पहिल्यांदा पाय घातला की आईगं निघतंच तोंडातून. काका फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायचे आणि गुडघाभर पाण्यात बसून राहायचे, तोंडाने पुटपुटत. मला वाटायचं स्तोत्र म्हणतायत. जवळ जाऊन ऐकलं तर, “खालचा बर्थ, बाजूचा नको, कल्याणला सामान चढवायला मंदार, जबलपूरला उतरवून घ्यायला विजू.” कुंडावरून रिक्षाने देवीच्या देवळाच्या पायथ्याशी. देऊळ उंचावर, बऱ्याच पायऱ्या आहेत. काका रोज थोड्या पायऱ्या चढायचे आणि वर बघत म्हणायचे, “हा माईचा पहिला मजला झाला.” दुसऱ्या दिवशी थोड्या जास्त. मग तिथल्याच बाकावर बसून चहा, आणि टॉवेल गळ्यात तसाच ठेवून फोन. तिथे नेटवर्क चांगलं होतं. त्या बाकाला आम्ही काकांचं ऑफिस म्हणायचो. पहिला फोन रोज माईंना. “हां, बोला, दत्तू बोलतोय. माई, आज दीड मजला झाला.”

तिकीट मी माझ्या मोबाइलवरून काढलेलं. ते कन्फर्म झालं का, हे काका मला दिवसातून इतक्यांदा विचारायचे की शेवटी मी ओरडलेच, “काका, मी काय रेल्वेमंत्री आहे?” ते खूश होऊन हसले. आईला सांगितलं, “वहिनी, तुमची लेक ओरडली की मला बरं वाटतं. घरचं कोणीतरी आहे असं वाटतं.” माईंसाठी कुळथाचं पीठ, मेतकूट, आमसुलं घरून आणलेलीच होती. तिथे सुकेळी मिळाली, सुकवलेली केळी, पानात बांधलेली. माईंना लहानपणापासून आवडतात म्हणून तीही घेतली. पिशवी रोज फुगत चालली.

देवळाच्या पायऱ्या अर्ध्याच्या वर झाल्या होत्या. सकाळची वेळ. काका कुंडात होते, मी काठावर आईचे केस पुसत होते आणि मंदारचा फोन आला. “सुमनताई, बाबा जवळ आहेत का? जरा लांब जा ना.” मी लांब गेले. माई पहाटे गेल्या होत्या. झोपेतच. विजूचा फोन आलेला, दुपारीच सगळं उरकणार होते, इथून कोणी पोचणं शक्य नव्हतं. मंदारचा आवाज फुटत होता. “बाबांना तिथे सांगू नका, प्लीज. बीपी आहे त्यांचं. पाच-सहा दिवसांत घरी येतायत, मी समोर बसून सांगतो. विजूलाही सांगितलंय. तोवर तेवढं सांभाळा.”

तेवढं सांभाळा! मला असा राग आला म्हणून सांगू. मंदारचा नाही, कोणाचाच नाही, पण आला. समोर काका गुडघे चोळत होते, पाण्यात, जिने चढायचे म्हणून. त्यांच्या पायांकडे बघवेना मला. आईला सांगायची सोय नव्हती, तिच्या पोटात काही राहत नाही. मी चहावाल्याकडे गेले, काकांसाठी चहा घेतला आणि आपण होऊन नेऊन दिला. “घ्या काका, गरम आहे, सावकाश.” काकांनी चहाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. “काय गं, आज सेवा?” म्हणाले. मी म्हटलं, “काही नाही, सहज.”

बाकावर बसून त्यांनी जबलपूरला फोन लावला. फोन विजूच्या बायकोने घेतला. मला तिचा आवाज ऐकू येत होता. “मामा, आई झोपल्यायत हो. तुमची तब्येत कशी आहे? गुडघे कसे आहेत? काळजी घ्या हं मामा.” काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, “झोपलीय का? बरं, झोपू दे. उठवू नकोस.” फोन ठेवला, टॉवेलने पुसला. तेवढ्यात मंदारचाच फोन. एरवी ‘हां, बाबा, मीटिंगमध्ये आहे’ एवढंच बोलणारा मंदार त्यांना औषधांचं विचारत होता, पाण्याचं विचारत होता, पंखा नीट चालतो का विचारत होता. काका “हो रे, हो रे” म्हणत राहिले. फोन बंद करून समोर रस्त्याकडे बघत बसले.

“चला, पायऱ्या,” मी म्हटलं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

“आज नको,” काका म्हणाले. “गुडघा दुखतोय. तुम्ही जाऊन या.”

आई आणि मी वर गेलो. खाली आलो तर काका तिथेच, बाकावर. आईने प्रसादाचा पेढा पुढे केला. त्यांनी तो तळहातावर घेतला, बघितला आणि चहावाल्याला देऊन टाकला. “गोड नको आज, वहिनी.”

दुसऱ्या दिवशीही कुंडात बसले, पण बर्थ-बिर्थ काही पुटपुटले नाहीत. बाकावर आले, फोन केला. “झोपलीय ना? झोपू दे, झोपू दे. तुम्ही पोरं बरी आहात ना?” एवढंच. पायऱ्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं गुडघा खरंच बिघडला. मंदारला तसं कळवलंही, तो म्हणाला, “बरंच झालं ताई, कुठे जायचंय आता.” बाकी कोणाला कसली बातमी दिली नाही, की कोणाची घेतली नाही. मधे फोन वाजला की बघायचे आणि तसाच वाजू द्यायचे. लॉजवर जेवायला बसले की भात चिवडत राहायचे. मी त्यांना ओरडले नाही. ओरडायला हवं होतं हे समजत होतं, पण तोंडच उघडेना.

चौथ्या दिवशी काका आमच्या आधी उठले. कुंडात डोक्यावरून तांब्यामागून तांबे ओतून अंघोळ केली. धुतलेला सदरा घातला. देवळापाशी रिक्षातून उतरले आणि बाकाकडे न बघता सरळ पायऱ्यांना लागले. मी मागे धावले, “काका, गुडघा!” त्यांनी हात केला, राहू दे म्हणून. मधे थांबायचे, गुडघ्यावर हात ठेवून श्वास घ्यायचे, पुन्हा चढायचे. एकदाही मागे बघितलं नाही. अगदी वरपर्यंत गेले. घंटा वाजवली, आत गेले, बऱ्याच वेळाने बाहेर आले. मी पुढे केलेला पेढा या वेळी तोंडात टाकला. “झाले गं तीन मजले,” म्हणाले. डोळे लाल होते. मला वाटलं, चढण झाली म्हणून.

दुपारी खोलीत आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपलीय. एकदम म्हणाली, “दत्तूभावजींची बहीण गेली का गं?”

मी उडालेच. “तुला कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला हवं? तीन दिवस देवळाची पायरी चढले नाहीत, प्रसाद तोंडात घातला नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून वर गेले. लग्न झालेल्या बहिणीचं तीन दिवसांचं सुतक असतं. एकटे पाळत बसले बिचारे.”

“म्हणजे त्यांना कळलंय?”

“पहिल्याच दिवशी कळलंय. तुम्ही सगळे एकदम गोड बोलायला लागलात, न कळायला झालंय काय त्यांना.”

मी कॉटवर बसून राहिले. आम्ही सगळ्यांनी काकांचाच धडा काकांना म्हणून दाखवला होता. झोपल्यायत म्हणे! आणि ते रोज सकाळी फोन करून तो ऐकत होते, आपण होऊन, कारण फोन केला नसता तर तिकडची पोरं घाबरली असती. मला रडू आलं. मग भयंकर राग आला. मग नुसताच थकवा आला. बाहेर व्हरांड्यात काका खुर्चीवर बसले होते, मांडीवर सुकेळ्यांची पुडी. वाटलं जावं आणि सांगावं. पण मंदारने सांगायचं होतं. बापाला सांगायचं काम त्याचं, माझं नव्हे.

निघायच्या दिवशी मी चाचरत विचारलं, “काका, ते तिकीट… तुमचे गुडघे… म्हणजे ठेवायचं का तसंच?”

काका पिशवीची गाठ मारत होते. “ठेव,” म्हणाले. “भाऊबीजेला येतो म्हणून शब्द दिलाय. आता चढता येतंय तर जाणार.” आणि मग माझ्याकडे न बघता, “सुमे, आता ओरडलीस तरी चालेल हं. बरेच दिवस झाले.”

मी म्हटलं, “गाठ नीट मारा ती, रस्ताभर कुळीथ सांडेल!” माझा आवाज मलाच ओळखू येईना. काकांनी गाठ सोडून पुन्हा मारली.

ते जबलपूरला गेले, तीन मजले चढले, विजूकडे भाऊबीजेच्या दिवशी माईंच्या पलंगाशेजारी बसून आले, हे सगळं पुढे झालंच. त्यानंतरही काका बरेच दिवस आमच्यात होते. आजारी पडले, भांडले, रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा गाजवल्या. पण मला ते दिसतात ते आम्ही वज्रेश्वरीहून परत आलो त्या दुपारचे.

आईला खाली सोडून मी त्यांची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. काका पुढे, कठडा न धरता. दार उघडंच होतं. मंदार ऑफिसला गेला नव्हता, हॉलच्या मधोमध उभा होता. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात, पदराला हात पुसत, पुसत, पुसतच. टेबलावर ताटं मांडलेली, कोणी शिवलेलं नव्हतं. मंदारचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. बेचाळीस वर्षांचा बाप्या, पण वर्गात उभं केलेल्या मुलासारखा दिसत होता. काकांनी चप्पल काढली, पाय धुतले, खुर्चीवर बसले आणि शेजारची खुर्ची ओढली.

“बस,” ते मंदारला म्हणाले. “जेवलास का?”

मंदार बसला नाही, कोसळला. खुर्चीवर बसल्याबसल्या टेबलावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला. “बाबा, तुम्हाला… बाबा, मी…” त्याला पुढे बोलताच येईना. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या हाताने ताट जवळ ओढलं, वाढलेल्या भातावर दही घातलं, मीठ घातलं, कालवायला लागले. सुनेकडे बघून म्हणाले, “थोडं आलं असेल तर आण गं बारीक चिरून.”

“तुम्हाला कळलंय ना बाबा?” मंदार डोकं वर न करताच म्हणाला. “कधी कळलं?”

“कळलंय रे,” काका म्हणाले. हात भातातच थांबला होता. “पण मला अजून कोणी सांगितलं नाही. तू आधी जेवून घे. मग मला सांग, नीट, पहिल्यापासून. मी इथेच बसलोय.”

मी पिशवी आत ठेवली आणि दार ओढून घेतलं. जिन्यातून उतरताना काकांचा आवाज आला, घास भरवताना मुलांशी बोलतात तसा, “हं, घे.” मग ताट सरकल्याचा आवाज आला, आणि मंदार सांगायला लागला. मी तशीच पायरीवर बसले. आणि मग काका रडायला लागले.